दीड आटा

बिसिंगनं पूलच्या काठीचा आटा दीड वेढा फिरवला, आणि मिनिटभरात रेफरीनं हात आडवा धरला आणि सामना संपला.

संपला म्हणजे काय संपला, हे तिला पहिली दोन मिनिटं कळलंच नाही. आठ-आठ झाले होते. जो आधी नऊ डाव घेईल त्याचा सामना. आठ तिचे, आठ त्या रेनान विल्याकोर्ताचे, आणि शेवटच्या डावात टेबलावर नऊ नंबरचा पिवळ्या पट्ट्याचा बॉल तेवढा उरलेला. पाळी रेनानची होती. तो वाकला होता आणि ती आपल्या खुर्चीत बसली होती, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून. त्यानं मारला. बॉल कोपऱ्याच्या पॉकेटात शिरता शिरता एका गालावर आपटला, दुसऱ्या गालावर आपटला आणि तोंडातच बसून राहिला. बघणाऱ्यांनी मोठा श्वास घेतला. ती उठली. असला बॉल तिनं उपाशीपोटी, अंगात ताप असतानाही घातला असता. आणि पुढं बघते तर काळे हातमोजे घातलेला किडकिडीत रेफरी टेबलावर हात आडवा धरून उभा.

“थांबा. सामना संपला. विल्याकोर्ता विजयी.”

“काय म्हणून?” ती म्हणाली.

“तुम्ही काठी खोलायला घेतली. समोरचा शेवटच्या डावात टेबलावर असताना जोडाची काठी खोलली, की सामना सोडला असं धरतात. नियम आहे.”

नियम आहे. तीन शब्द. किती सोपं असतं ते म्हणणं, उचलली जीभ लावली टाळ्याला. बिसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तळपाय आधीच पेटलेले होते, कारण त्या काळ्या बुटांनी सकाळपासून टाचा सोलून काढल्या होत्या. बूट काळेच हवेत, स्लिपर चालणार नाही, पँट कडक इस्त्रीची हवी, हे सगळं त्यांनी चार-चार वेळा सांगितलं होतं. काल नाव नोंदवायला ती टेबलापाशी गेली तर तिथल्या पोरीनं आधी विचारलं होतं, “कुणाबरोबर आलात?” मग विचारलं होतं, “सफाईचं गेट मागं आहे, दाखवू का?” हे विचारायला त्यांना वेळ होता. काठी कधी खोलायची नाही हे सांगायला नव्हता. ते म्हणे पुस्तिकेत होतं. बावीस पानांची इंग्रजी पुस्तिका, मुंगीएवढ्या अक्षरांची, जी हातात ठेवून त्या पोरीनं पुढच्या माणसाला हाक मारली होती. ती खुर्चीत परत बसली. काठी परत गुडघ्यांमध्ये उभी केली, उजवा हात जोडावर घट्ट दाबून धरला, आणि ठरवलं की आता इथून उठायचं नाही. त्यांनी तो बॉल तिथून हलवून दाखवावा.

कुया सेल्मो दोरीच्या कुंपणाखालून वाकून आत आला होता. साठीचा माणूस, सगळ्यांचा कुया म्हणजे दादा, पोट पुढे, आज लग्नाला यावं तसा भरतकामाचा पांढरा शर्ट घालून आलेला. ही काठी त्याचीच. म्हणजे त्याच्या भावाची, जहाजावर असताना कुठल्याशा बंदरातून आणलेली, दोन तुकड्यांची, पितळी आट्याची. तिच्या गावी, रोसारिओत, मासळीबाजारामागे सेल्मोची तीन टेबलांची पत्र्याची शेड आहे, तिथं सगळ्या काठ्या भिंतीवरच्या, एकाच अखंड लाकडाच्या, काही तर धनुष्यासारख्या वाकलेल्या. तिथं हार मानायची रीत म्हणजे काठी भिंतीला टेकवायची आणि लाकडी त्रिकोण हातात घ्यायचा. हरणाऱ्यानं बॉल लावायचे. त्रिकोण हातात आला की संपलं, त्याच्या आधी काहीही करा, काठीनं पाठ खाजवा, कुणी विचारत नाही. आटा कुणाच्या बापानं बघितलाय? मनिलाला यायच्या आदल्या दिवशी सेल्मोनं ही काठी नव्या सुनेला दागिना द्यावा तशी तिच्या हातात दिली आणि वर शहाणपणा सांगितला, “तिथं एसी असतो, बिसिंग. गारव्यानं लाकूड आखडतं. दर डावाला जोड बघत जा, सैल झाला तर आवळत जा.” दर डावाला! आता हा तोच शहाणा रेफरीच्या छातीला छाती लावून भांडत होता.

“आवळत होती ती! मीच सांगितलंय तिला. आवळणं आणि खोलणं यातला फरक कळतो का तुम्हाला?”

“मी फिरवताना बघितलं.”

“कुठल्या बाजूला?”

“फिरवताना बघितलं,” रेफरी परत म्हणाला.

“बघा! बाजू माहीत नाही आणि निकाल तयार. बिसिंग, दाखव गं काठी. घट्ट आहे की नाही ते सगळ्यांना बघू दे. दाखव.”

तिनं हात हलवला नाही. सेल्मोला वाटलं ती रागानं थिजली आहे, आणि राग होताच, खोटा नव्हता. पण जोडावर दाबलेल्या तिच्या अंगठ्याखाली एक फट होती. केसाएवढी नव्हे, चांगली नखाएवढी. अंगठ्याला पितळेचा आटा गार गार लागत होता, दीड वेढा उघडा पडलेला. हे त्या सबंध हॉलमध्ये एकट्या तिच्या अंगठ्याला ठाऊक होतं. काठी दाखवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि गुपचूप आवळून मग दाखवावी तर एवढ्या डोळ्यांसमोर आता हात फिरवायची सोय उरली नव्हती. “मी काही दाखवणार नाही,” ती म्हणाली. “माझ्यावर विश्वास नसेल तर काठीवर कशाला ठेवता?” लोकांतून कुणीतरी टाळी वाजवली. तिला त्या टाळीचाही राग आला.

पण ती आवळतच होती. होय की नाही? बिसिंगनं ते मनाशी परत लावून बघितलं. रेनान वाकला. बॉल पॉकेटापासून हातभर, सरळ रेषेत, पांढरा बॉल बरोबर मागं. तो रोज असे हजार घालत असणार. छातीवर पाच कंपन्यांची नावं शिवलेला शर्ट, आणि ती नावं कुठल्या मशीनवर, कुठल्या टाक्यानं शिवली हेही तिला बसल्या जागेवरून सांगता आलं असतं. तो वाकला आणि तिच्या मनात आलं, झालं. एवढंच आलं? नाही. त्यामागोमाग आलं की साडेतीनची बस मिळेल. मग आलं की बूट काढता येतील, बसमध्ये, सीटखाली. मग नवरा आठवला, ट्रायसिकलवर बसून दात कोरत म्हणालेला, “जा, हरून ये दोन दिवसांत. मंगळवारचे मासे मी नाही धुरावर धरणार.” आणि या सगळ्याबरोबर अंगातून काहीतरी खाली उतरून गेलं, डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरून घ्यावी तसं. बरं वाटलं. हो, बरं वाटलं होतं! आणि त्या बरं वाटण्यातच उजवा हात डावीकडे फिरला होता, एक वेढा, मग अर्धा. आवळायला उजवीकडे फिरवतात हे तिला समजत नव्हतं असं थोडंच आहे. पण मग काय झालं? एखाद्याचा हात काय करतो त्याची सजा त्याला द्यायची? मनात आलेल्याची सजा द्यायची? मग तर या हॉलमधल्या प्रत्येकाला उभं करा आणि विचारा कुणाच्या मनात काय काय आलं होतं ते. पाळी तिची होती. बॉल तोंडात बसला होता. ती उठली होती, हे कुणी बघितलं नाही? उठलेल्या बाईनं सोडलं कसं?

एकतीस पुरुषांना हरवून ती इथं आली होती, हे आता कुणाला आठवणार नव्हतं. दासमारिन्यासला प्राथमिक फेरी झाली तेव्हा पहिल्या तिघांनी तिच्याशी हसत हसत, बाजारातल्या मावशीला विचारावं तसं विचारत खेळून घेतलं होतं, “अलिंग बिसिंग, मासे कुठं ठेवलेत?” चौथ्यापासून हसणं बंद झालं. ती मासे घेऊनच पहिल्यांदा सेल्मोच्या शेडमध्ये गेली होती, एकोणीस वर्षांपूर्वी, टोपलीत तिनापाचे थर लावून, धुरानं सोनेरी झालेले, शेपट्या सगळ्या एका दिशेला. एक दिवस पावसानं अडकली आणि उभी राहून बघत बसली. तिला नवल वाटलं की या लोकांना दिसत नाही. बॉल कुठून निघून कुठं लागून कुठं जाणार ते तिला खडूनं आखल्यासारखं दिसत होतं. बारा वर्षं तिनं कॉलर शिवल्या होत्या, बर्फाच्या देशातल्या मुलांच्या जाकिटांच्या कॉलर, दिवसाला सहाशे, आणि कॉलरची गोलाई म्हणजे तरी काय असतं, इथून सुटलं तर तिथं कसं येऊन मिळतं एवढंच. तिनं भिंतीवरची काठी मागितली. सेल्मो म्हणाला होता, “कापड फाटेल, बाई.” कापड फाटलं नाही, आणि त्यानंतर सेल्मोच तिला म्हणू लागला की तुझ्या डोक्याचे आटे ढिले आहेत, म्हणूनच तुला हे जमतं. एकोणीस वर्षं दुपारी दोन ते चार, मासे संपले की, हातांना धुराचा वास तसाच. आणि आता या एवढ्या मोठ्या थंडगार हॉलमध्ये, पन्नास टेबलांच्या, तिच्या नावापुढे काय लिहिणार? हरली असं लिहा ना. हरण्याचं तिला काही नव्हतं. तिनं आयुष्यात हरण्याशिवाय दुसरं फारसं केलंच नव्हतं, त्याची सवय होती. पण सोडलं असं कसं लिहिता?

ते कसं लिहितात ते लगेच समजलं. नावनोंदणीची तीच पोरगी, गळ्यात ओळखपत्र, नाव ओफ्रासियो, एक फळी आणि त्यावर कागद घेऊन आली. तिनं गुडघ्यावर बसून, अगदी मायेनं, पेन पुढं केलं. “नानाय, इथं सही करायची.”

नानाय. आई म्हणायचं आणि पेन पुढं करायचं. कागदावर दोघांची नावं, आठ आणि नऊ असे आकडे, आणि खाली चार चौकोन छापलेले. त्यातल्या तिसऱ्यात रेफरीनं बरोबरची खूण केली होती. इंग्रजी तिला तोडकंमोडकं यायचं, पण तिसऱ्या चौकोनासमोरचा एक शब्द तिला दुरूनही ओळखू आला असता, अंधारातही. स्वखुशीने. खेळाडूनं स्वखुशीने सामना सोडला.

“हे मी नाही केलं.”

“ती नुसती पद्धत आहे, नानाय. असं छापलेलंच असतं.”

“मग दुसरं छापा.”

पोरगीनं मागं रेफरीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. “हे बघा,” ती हळू आवाजात म्हणाली, “एक हरल्यानं तुम्ही बाहेर जात नाही. हरलेल्यांच्या फेरीत तुमचा अजून एक सामना आहे. साडेचारला, सतरा नंबरच्या टेबलावर. तिथं जिंकलात तर उद्या परत. पण चारच्या आत ही सही झाली पाहिजे. नाही झाली तर तुमचं नाव काढावं लागतं.”

“काढावं लागतं म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही स्पर्धा सोडली असं होतं.”

सेल्मो हसला, खोकल्यासारखा. “म्हणजे सही केली तर सोडलं आणि नाही केली तरी सोडलं? वा! कुणाच्या डोक्यातून आलं हे?” पोरीनं फळी बिसिंगच्या शेजारच्या स्टुलावर ठेवली, पेन तिच्यावर आडवं ठेवलं आणि ती चार पावलं मागं जाऊन उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. साडेतीनची बस चालली असेल, बिसिंगला वाटलं, आणि स्वतःचीच चीड आली.

त्या पेनाला दोरी नव्हती एवढाच काय तो फरक. निर्यात झोनमधल्या, कॉलर शिवायच्या त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये पेन दोरीनं टेबलाला बांधलं होतं, कुणी चोरू नये म्हणून. सोमवार होता, जानेवारीतला. सकाळी बायका आल्या तर फाटक बंद, आणि मग लाइनवार आत घेतलं. तिची लाइन सात. कँटीनमध्ये भात शिजल्याचा वास नव्हता, हे तिला आधी जाणवलं होतं. टेबलामागं माणूस बसला होता, त्यालाही चांगली इस्त्रीची पँट होती, त्यानंही मायेनंच वाचून दाखवलं. मी स्वखुशीने, कुणाचाही दबाव नसताना, कामाचा राजीनामा देत आहे, आणि माझी कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही. स्वखुशीने! सातशे बायकांना एकाच सोमवारी, एकाच सकाळी खुशी झाली होती. मशीनं रात्रीत ट्रकवर चढवून दुसऱ्या देशात नेली होती, आणि खुशी बायकांना. सही केल्याशिवाय शेवटचा पगार हातात देणार नव्हते. तिच्या पुढं लुदिंग उभी होती, लुदिविना, दहा वर्षं शेजारच्या मशीनवर, ती बाह्या लावायची आणि ही कॉलर. लुदिंगनं कागद वाचला, पेन दोरीसकट उचललं, परत ठेवलं. “मला खुशी झालेली नाही,” ती म्हणाली, अगदी साधं, दुकानात मीठ नको म्हणावं तसं, आणि बाहेर गेली. मग बिसिंगची पाळी. बिसिंगनं सही केली. पूर्ण नावानं, विसितासिओन पुगाय, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. आणि बाहेर येऊन तिला बरं वाटलं. तेव्हाही असंच काहीतरी अंगातून खाली उतरलं होतं, सुटलो एकदाचे म्हणून. फाटकाबाहेर काडीला लावलेलं तळलेलं केळं विकत घेऊन तिनं खाल्लं, साखरेसकट, काडी चाटून. ती चव नंतर कित्येक वर्षं तोंडातून गेली नाही.

लुदिंग आणि तिच्याबरोबरच्या चाळीसएक जणी फाटकासमोर निळ्या ताडपत्रीचा आडोसा करून बसल्या. अकरा महिने. बाजारातून घरी जायचा रस्ता त्याच फाटकावरून होता. अकरा महिने बिसिंगनं डोक्यावर माशांची टोपली घेऊन मागच्या गटाराकाठच्या वाटेनं ये-जा केली, वीस मिनिटं जास्त चालून. नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की तिकडं सावली असते. एकदाच समोरासमोर आल्या, चर्चच्या दारात, पाम संडेला. लुदिंग उन्हानं करपली होती. ती म्हणाली, “मासे चांगले मिळतात का गं आता?” एवढंच. काही लावून बोलली असती तर बिसिंगनं शंभर उत्तरं तयार ठेवली होती, पोरं, घरभाडं, सासूचं औषध. एकाचाही उपयोग झाला नाही. “मिळतात,” ती म्हणाली होती. मग ताडपत्री एक दिवस वादळानं गेली आणि बायकाही गेल्या, लुदिंग बतांगासला लेकीकडं, आणि कुणालाच काही मिळालं नाही. त्यावरही बिसिंगला वाटलं होतं की बघा, मी शहाणी ठरले. किती लबाड असतं माणूस, स्वतःशी एकटं असलं की.

“आते.”

रेनान विल्याकोर्ता तिच्या खुर्चीपाशी येऊन वाकला होता. तिशीच्या आतला, केसांना तेल, मनगटावर सोन्याचं काहीतरी. वयानं मोठ्या बाईला आते म्हणावं एवढी रीत त्याच्यात शिल्लक होती. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. तिनं घेतली नाही.

“मला तुमच्याशी भांडायचं नाही,” तो म्हणाला. “तुम्ही काय सुंदर खेळता. पाचव्या डावातला तो तीन कडांना लावून घातलेला बॉल मी घरी जाऊन लावून बघणार आहे.”

“मग सांग ना त्या हातमोज्याला, की बाईनं सोडलं नाही म्हणून. तू जवळ होतास.”

त्यानं आपल्या बुटांकडं बघितलं. त्याचे बूट त्याला बसत होते. “आते, नऊ नंबरचा तसला बॉल मी झोपेत घालतो. चुकलो का, माहीत आहे? मारायच्या आधी मान वर केली, तर तुमचा हात फिरताना दिसला. डावीकडे. मनात म्हटलं, झालं, बाईनं सोडलं. आणि माझाही हात सैल पडला.”

“म्हणजे तू चुकलास तेही आता माझ्याच डोक्यावर?”

“तसं नाही म्हणत मी.”

“तसंच म्हणतोयस. नाचता येईना अंगण वाकडं. मी मासे विकणारी बाई, तू पाच कंपन्यांची नावं छातीवर घेऊन फिरणारा, आणि तुझा हात माझ्या हाताकडं बघून सैल पडतो?”

“डावीकडे फिरला, आते,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. “मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तर मला दिसलं नाही म्हणेन. पण तुम्हाला कसं सांगू?” बाटली त्यानं खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि तो गेला.

तिला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काय गरज होती त्याला? जिंकला होता, जायचं होतं गुपचूप. आता हे ठाऊक असलेला अंगठ्याशिवाय दुसरा एक जण झाला. आणि तो कुणाला सांगणार नव्हता, हे तर जास्तच वाईट. सेल्मो आता तीन-चार बघ्यांना गोळा करून आवळण्याची दिशा समजावत होता, हवेत बाटलीचं झाकण लावल्यासारखी दोन्ही हातांची हालचाल करत, घामाघूम, पोटावरचं भरतकाम ओलं. तो तिच्यासाठी भांडत होता आणि खोटं भांडत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. बिचारा. त्याच्या त्या हातवाऱ्यांकडं बघता बघता तिच्या रागाला एकदम जागा सापडेना. रेफरीवर करून बघितला. तो पाणी पीत उभा होता, त्यानं जे बघितलं तेच सांगितलं होतं. ओफ्रासियोवर करून बघितला. ती मनगट चोळत घड्याळ बघत होती, तिचेही बूट चावत असावेत. राग कमी झाला नव्हता, उलट जास्त होता, पण यातल्या कुणाच्याच मापाचा नव्हता. दहा नंबरची चप्पल घेऊन लहान पोराच्या पायात घालू बघावी तसं होत होतं. एकोणीस वर्षांचा होता तो. त्या कँटीनमध्ये तिनं तो काढलाच नव्हता. तिथं सगळं खोटं होतं, एक अक्षर खरं नव्हतं, आणि तिथं तिनं शेपूट काढून सही केली होती. आणि इथं, जिथं कागदावरचं खरं होतं, इथं ती ठिय्या देऊन बसली होती, लुदिंगसारखी, एसीमध्ये, सगळ्यांच्या टाळ्या घेत. लुदिंगला कुणी पाण्याची बाटलीही दिली नव्हती. तिनं स्वतःही दिली नव्हती.

चाराला सात मिनिटं कमी होती. बिसिंगनं जोडावरचा हात काढला. मग सगळ्यांना दिसेल अशी काठी आडवी धरली आणि उजवीकडे फिरवली, एक वेढा, अर्धा वेढा. पितळ पितळेला बसल्याचा बारीक आवाज झाला. सेल्मोचे हात हवेतच थांबले. त्याला आट्याची भाषा कळत होती, आवळायला दीड वेढा लागला म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही.

“बिसिंग,” तो म्हणाला.

“तू भांडलास, कुया. बास झालं.” तिनं फळी मांडीवर घेतली. “पोरी, ह्याच्याखाली लिहायला जागा आहे का?”

ओफ्रासियो धावत आली. “कशाला, नानाय? नुसती सही पुरते.”

“मला लिहायचंय, हे खरं आहे म्हणून.”

“त्याची काही गरज नसते.”

“तुला नसेल.”

तिनं लिहिलं. इंग्रजीत नाही, आपल्या भाषेत, सावकाश, कॉलर वळवावी तसं एकेक अक्षर वळवत. हे खरं आहे. खाली पूर्ण नाव घातलं. शेपूट काढलं नाही. रेफरीनं वाकून वाचलं आणि पहिल्यांदाच एक हातमोजा काढला, पण काय करायचं ते न सुचून परत घातला. टेबलावरचा नऊ नंबर त्यानं हातानं उचलून पॉकेटात टाकला. तो पडल्याचा आवाज ती पाठमोरी असताना आला.

काठीचे दोन तुकडे तिनं खोलून, नीट पुसून, पिशवीत घालून सेल्मोच्या हातात दिले. त्याला वाईट वाटलं. “दुसरा सामना कशानं खेळणार? हातानं?” तो म्हणाला. ती कोपऱ्यातल्या सरावाच्या टेबलांकडं गेली. तिथं भिंतीला दहा-बारा सार्वजनिक काठ्या लावल्या होत्या, ज्यांना इथं कुणी शिवत नव्हतं. एका लाकडाच्या. तिनं चार टेबलावर लोळवून बघितल्या. चारही वाकड्या, त्यातली सगळ्यात कमी वाकडी तिनं घेतली. टोकाला खडू घासला. हातांना आज माशांचा वास नव्हता, दोन दिवस झाले होते, तो हवासा वाटला.

सतरा नंबरच्या टेबलावरचा रेफरी तरुण होता. त्यानं तिच्या काठीकडं बघितलं आणि सभ्यपणे खाकरला. “ही भिंतीवरची आहे.”

“नियमात बसत नाही?”

“बसते की. पण हिला जोड नाही.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीत बसली.

समोर सेबूचा एक गप्प माणूस होता, दाढी पांढरी, हात दगडासारखा स्थिर. त्यानं पहिला डाव घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिला टेबलाशी उठून जायची पाळीच मिळेना. सेल्मो कुंपणापलीकडं पिशवी पोटाशी धरून उभा होता आणि ठरवून तिच्याकडं बघत नव्हता. चौथ्या डावात त्या माणसानं एक ते सहा घातले, न थांबता. सातवा सोपा होता. आठ आणि नऊ त्याच्या शेजारीच. टाचांत आता रक्त आलं असावं, मोजा चिकटला होता. तो सातव्यावर वाकला, आणि बिसिंगच्या मनात आलं, झालं. मग आलं, सहाची बस. ते ओळखीचं काहीतरी अंगातून खाली उतरायला लागलं, गोड, साखरेसारखं. आणि तिनं खाली बघितलं तर तिचे दोन्ही हात गुडघ्यांमधल्या काठीवर होते, एक वर, एक खाली, बरोबर जोडाच्या जागी, आणि उजवा हात डावीकडे पिळत होता. चांगला जोर लावून पिळत होता, तळवा भाजेपर्यंत.

लाकूड हललं नाही. तिनं आणखी एकदा पिळून बघितलं.

टेबलावर बॉल कडेला आपटला आणि परत आला. सातवा चुकला होता. तरुण रेफरीनं तिच्याकडं बघून मान हलवली, तुमची पाळी. बिसिंग बूट काढून, मोज्यांवरच उठली.